प्रश्नावलीआधी पट्टी : शेतमालाच्या व्यवसायावर विद्यार्थी प्रकल्प कसा करावा

कृषी महाविद्यालय असो की व्यवस्थापन संस्था, ग्रंथालयात एक कपाट हमखास असतं. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि निम्म्या अहवालांचं नाव जवळपास एकच : ‘अमुक जिल्ह्यातील कांदा विपणनाचा अभ्यास’. आत पिकाचा इतिहास, साठ शेतकऱ्यांची प्रश्नावली, टक्केवारीची रंगीत वर्तुळं, आणि शेवटच्या पानावर ‘शासनाने शीतगृहे उभारावीत’. नाशिकचा उन्हाळ (उन्हाळ्यात निघणारा) कांदा शीतगृहात नव्हे, चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, राहतो. लिहिणारा एकदा जरी शेतावर गेला असता, तरी ही शिफारस लिहिताना त्याचा हात अडखळला असता.

अशा अहवालांना मार्गदर्शन करण्यात आणि त्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चांगला प्रकल्प प्रश्नावलीतून उभा राहत नाही, कागदातून उभा राहतो. शेतकऱ्याच्या खिशातली हिशोबपट्टी (माल विकल्यावर मिळणारा वजन, भाव आणि कपातींचा कागद), टेम्पोची पावती, दूध संघाचं कार्ड, कंपनीचं वजनकाट्याचं रजिस्टर. माणूस आठवणीतून सांगतो ते त्याचं मत. पट्टीवर असतं ते घडलेलं. दोन्ही लागतात, पण आधी पट्टी. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे. उदाहरण मुख्यतः कांद्याचं घेतलं आहे, कारण कांद्यात शेतमालाच्या धंद्यातली बहुतेक दुखणी एकत्र भेटतात.

विषय नको, प्रश्न हवा

‘कांदा विपणन’ हा विषय झाला. प्रश्न असा असतो : ‘निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याने एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा लगेच विकावा की ऑगस्टपर्यंत चाळीत ठेवावा?’ फरक कुठे आहे? दुसऱ्या वाक्यात निर्णय घेणारा माणूस दिसतो, त्याच्यापुढचे दोन पर्याय दिसतात, आणि उत्तर रुपयांत देता येतं.

मी मुलांना एकच कसोटी लावायला सांगतो. तुमचं उत्तर आल्यावर उद्या सकाळी कोण काय वेगळं करील? सांगता येत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

कांदा नको असेल तर महाराष्ट्रात असे प्रश्न पावलोपावली आहेत. तासगावच्या द्राक्ष उत्पादकाला माल ताजा विकणं परवडतं की बेदाणा करणं, आणि भावातला किती फरक पडला की निर्णय उलटा होतो? नारायणगावच्या टोमॅटोवाल्याने जवळच्या बाजारात माल द्यावा की मुंबईला पाठवावा? कोल्हापूरच्या गुऱ्हाळाला रसायनविरहित गुळाचा जादा भाव त्याच्या जादा खर्चाला पुरतो का? शेतकरी उत्पादक कंपनीचे (शेतकऱ्यांच्याच मालकीच्या कंपनीचे) सभासद आपला माल कंपनीला न देता बाहेर का विकतात? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. उत्तर बहुतेकदा ‘भाव’ असं दिलं जातं आणि निघतं ‘रोख पैसे’.

प्रश्न ठरला की तो अर्धा करा. मग पुन्हा अर्धा. एक पीक, एक बाजार, एक हंगाम, एक प्रकारचा निर्णय. सबंध जिल्हा घेणाऱ्याला चार महिन्यांत जिल्हा सापडत नाही आणि तालुकाही हातचा जातो.

सत्र आणि हंगाम जुळवा

इथे सर्वांत जास्त प्रकल्प बुडतात. महाविद्यालयाचं वेळापत्रक पिकाला विचारून ठरत नाही, म्हणून पीक वेळापत्रकाला विचारून निवडावं लागतं.

जानेवारी ते एप्रिल हातात असेल तर नाशिकची द्राक्षं, सांगली भागातला बेदाणा, सांगलीच्या बाजारात येणारी नवी हळद, विदर्भातला मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) संत्रा. एप्रिल-मे मिळत असेल तर कोकणातला हापूस, उन्हाळ कांद्याची काढणी आणि चाळ भरणं. पदव्युत्तर व्यवस्थापनाच्या मुलांची उन्हाळी इंटर्नशिप मे-जूनमध्ये असते. नारायणगावचा टोमॅटो तेव्हा जोरात असतो, पिंपळगाव बसवंतचा मात्र पावसाळ्यानंतर. ‘रावे’साठी, म्हणजे कृषी पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहणाऱ्यांना सोयाबीन आणि कापूस अनायासे मिळतो, लातूरचा सोयाबीन बाजार ऑक्टोबरपासून भरायला लागतो. वर्षभर चालणारं काही हवं असेल तर दूध घ्या. दुधाला पट्टीही दहा दिवसांनी ठरल्याप्रमाणे मिळते, हा त्याचा मोठाच गुण.

कांद्याचे तीन हंगाम एकात मिसळू नका. पावसाळी लाल कांदा, त्यानंतरचा रांगडा आणि उन्हाळ हे भावाच्या दृष्टीने जवळजवळ तीन वेगळे माल आहेत. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ टिकतो, म्हणून तिथेच ‘विकू की ठेवू’ हा प्रश्न उभा राहतो.

घरबसल्या आकडे, आणि त्यातले खड्डे

बाजारात जाण्याआधी एक आठवडा आकड्यांना द्या. राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट या दोन्ही संकेतस्थळांवर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि भाव मिळतात. किमान तीन वर्षांचे उतरवून घ्या. मग त्यांच्यावर विश्वास ठेवण्याआधी चार गोष्टी तपासा.

किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव दिसतात. सर्वसाधारण म्हणजे सरासरी नव्हे; त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला, तो भाव. महिन्याचा भाव काढताना रोजच्या भावांची नुसती सरासरी घेऊ नका. ज्या दिवशी पन्नास गाड्या आल्या आणि ज्या दिवशी हजार आल्या, त्या दोन दिवसांचं वजन सारखं कसं? रोजचा भाव त्या दिवसाच्या आवकेने गुणा, महिन्याची बेरीज करा, एकूण आवकेने भागा.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. लिलाव बंद होता का ते पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा व्यापाऱ्यांचा बंद होता. एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या (हमालांच्या आणि वजन करणाऱ्यांच्या मजुरीच्या) कपातीवरून लिलाव बरेच दिवस थांबले. तिथे शून्य भरून सरासरी काढलेली मी पाहिली आहे. बिचाऱ्या संगणकाला काय कळणार!

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : धोरणाची तारीखवार नोंद शेजारी ठेवा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. या तारखा आलेखावर उभ्या रेघांनी दाखवल्या नाहीत, तर तुम्ही ‘हंगामी चढउतार’ म्हणून जे मांडाल त्यातलं बरंचसं दिल्लीतून आलेलं असेल.

बाजारात पहिले दोन दिवस : विचारू नका, बघा

महाविद्यालयाचं पत्र घेऊन बाजार समितीच्या सचिवांना भेटा, आणि मग दोन दिवस कोणालाही काही विचारू नका. सकाळी लिलावाआधी पोहोचा. लासलगावसारख्या बाजारात कांदा गोणीत नाही, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअपमध्ये मोकळा येतो. रांग लागते, व्यापाऱ्यांचा घोळका गाडीगाडीपाशी जातो, एका गाडीचा सौदा बघता बघता पटतो. वहीत रेघा मारून ठेवा : वेळ, मालाची प्रत, पहिली बोली, शेवटची बोली, बोली लावणारे किती. शंभर गाड्या नोंदल्या की तुमच्याकडे असं काहीतरी असेल जे कोणत्याही संकेतस्थळावर नाही. सकाळी पहिल्या तासात आणि दुपारी भावात फरक पडतो का? गोल्टीला (बारीक कांद्याला) किती कमी मिळतं? तिघेच व्यापारी बोली लावतात तेव्हा काय होतं आणि आठजण असतात तेव्हा काय?

मग एका गाडीच्या मागे जा. लिलाव झाला म्हणजे सौदा संपला असं नसतं. गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवण्याच्या आवारात) जाते, तिथे माल ओतला जातो. खालच्या थरात जोड (दुहेरी) किंवा ओला कांदा निघाला की भावावरून पुन्हा बोलणं होतं. पुकारलेला भाव एक आणि पट्टीवरचा दुसरा, असं तिथे घडू शकतं. अधिकृत आकडा पुकारलेल्या भावाचा, शेतकऱ्याच्या हातात पडतो तो पट्टीवरचा. या दोहोंतला फरक मोजणं हाच एक छान स्वतंत्र प्रकल्प आहे. कोणी करत नाही.

पट्टी नीट वाचायला शिका. वजन, भाव, एकूण रक्कम, मग कपाती : हमाली, तोलाई, वाराई, कधी उचल दिलेली असेल तर ती. जुना अहवाल समोर ठेवून लिहिणारे एक चूक हमखास करतात : आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या खर्चात धरतात. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. पट्टीवर तरीही कुठल्या दुसऱ्या नावाने कपात दिसते का, ते मात्र बघा. दिसली तर नोंदवा, आरोप करू नका. तीस पट्ट्यांवर दिसली तर ती तुमची निष्पत्ती आहे.

कोणाला विचारायचं, किती जणांना

‘सर, साठ चालतील का?’ हा दरवर्षीचा प्रश्न. साठ हा आकडा कुठून आला देव जाणे. तीन महिन्यांच्या सगळ्या पट्ट्या दाखवणारे पंचवीस-तीस शेतकरी हे अंदाजाने उत्तरं देणाऱ्या शंभरांपेक्षा भारी.

ते निवडायचे कसे, हे मात्र सांभाळा. ग्रामसेवक किंवा कंपनीचा संचालक तुम्हाला ज्यांच्याकडे नेतो ते गावातले प्रगतिशील, बोलके, रस्त्यालगतचे शेतकरी असतात. तीन-चार गावं निवडा, प्रत्येक गावात कांदा लावणाऱ्यांची यादी करा, ती जमिनीप्रमाणे वाटा (एक हेक्टरपर्यंत, एक ते दोन, दोनच्या वर) आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाका. चाळ नसलेले शेतकरी यादीतून गळणार नाहीत याची खास काळजी घ्या. ‘ठेवू की विकू’ हा प्रश्न त्यांच्यापुढे नसतोच, आणि तेच तर तुम्हाला दाखवायचं आहे.

घरी गेल्यावर फक्त कर्त्या पुरुषाशी बोलून निघू नका. चाळीतला कांदा निवडायला बहुतेक घरांत बायकाच बसतात. किती सडला, कितीला कोंब आले, कोणत्या महिन्यात जास्त गेला, हे त्यांना पाट्यांच्या हिशोबात तोंडपाठ असतं. एका घरी काका ‘दहा टक्के जातो’ म्हणाले आणि आतून काकूंचा आवाज आला, ‘दहा? उकिरडा बघून या म्हणावं.’

व्यापाऱ्याला ‘तुमचा नफा किती?’ विचारू नका. तो सांगणार नाही, आणि सांगितला तरी तुम्ही मानू नका. त्याऐवजी विचारा : प्रतवारीला मजूर किती, बारदान कितीला, दिल्ली किंवा कोलकात्याला गाडी जायला किती दिवस, तिकडचा पैसा किती दिवसांनी येतो, वाटेत घट किती धरता. हे तो आनंदाने सांगतो, कारण ही त्याची तक्रार आहे. नफा मग तुम्हीच काढा.

प्रश्न कसे मांडायचे? ‘तुम्हाला परवडतं का?’ याचं उत्तर महाराष्ट्रात एकच आहे. ‘शेवटची गाडी कधी नेली? किती क्विंटल? पट्टी आहे का? गाडीभाडं कोणाला, किती दिलं?’ याची उत्तरं मिळतात. ‘अतिशय समाधानी’ ते ‘अतिशय असमाधानी’ अशी पाच खान्यांची मोजपट्टी बांधावर उभं राहून वाचून दाखवणं हा एक करुण प्रकार आहे. टाळा.

एककं स्वतः तपासा. क्रेट, पेटी, डाग, पाटी हे शब्द गावागणिक वजन बदलतात. दहा क्रेट स्वतः काट्यावर ठेवा. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि अडीच एकरांचा हेक्टर हे रूपांतर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चुका तिथेच होतात.

एक सावधगिरी. वही-पेन घेऊन आलेल्याला लोक सरकारी समजतात. ‘अनुदान मिळेल का?’ हा प्रश्न येणारच. पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही विद्यार्थी आहोत, यातून काही मिळणार नाही. पट्टीचा फोटो विचारून घ्या, नाव झाका, शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना क्रमांक द्या.

हिशोब : जिथे अहवाल उभा राहतो किंवा पडतो

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेतो. एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांदा, भाव क्विंटलला १,२०० रुपये. लगेच विकला तर १,२०,००० रुपये. ऑगस्टमध्ये भाव १,८०० झाला. अहवालात लिहिलं जातं, ‘साठवणुकीमुळे ५० टक्के अधिक दर मिळाला.’ थांबा.

चार महिन्यांत सड, कोंब आणि वजनातली घट मिळून २५ टक्के माल गेला असं धरू. उरले ७५ क्विंटल. गुणिले १,८०० म्हणजे १,३५,००० रुपये. चाळ भरणं, निवडणं आणि चाळीची झीज मिळून भरलेल्या क्विंटलला ८० रुपये, म्हणजे ८,०००. अडकलेल्या १,२०,००० वर महिना एक टक्का व्याज, चार महिन्यांचे ४,८००. हातात राहिले १,२२,२००. भाव ५० टक्के वाढला आणि शेतकऱ्याला मिळाले २,२०० रुपये जास्त, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही.

आता याच हिशोबाला उलटं फिरवा. १,२०,००० अधिक १२,८०० भागिले ७५ : क्विंटलला साधारण १,७७१ रुपये. ऑगस्टचा भाव याच्या खाली असेल तर ठेवणं तोट्याचं. हा आकडा शेतकऱ्याला उपयोगी पडतो. मग घट १५ टक्के, ३५ टक्के धरून पुन्हा काढा आणि एक छोटा तक्ता द्या. अख्ख्या अहवालात लोक हेच पान बघतील.

व्याज घरचे पैसे असले तरी धरायचं. घरच्या माणसांची मजुरीही धरायची. पण काय धरलं ते स्पष्ट सांगा. कृषिमूल्य आयोग खर्चाची जी वर्गवारी वापरतो तीच घ्या : प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च, त्यात घरची मजुरी मिळवून येणारा, आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं व भांडवलावरचं व्याज धरून येणारा सर्वंकष खर्च. कांद्याला हमीभाव नाही, पण पद्धत लागू पडते. कोणी पहिला खर्च धरून ‘नफा’ म्हणतो, कोणी तिसरा धरून ‘तोटा’, आणि दोघे खरं बोलत असतात.

दुसरा सापळा ‘ग्राहकाच्या रुपयात शेतकऱ्याचा वाटा’. शेतकऱ्याला किलोला १५, किरकोळ भाव ३०, म्हणून वाटा ५० टक्के, बाकीचं दलालांनी खाल्लं, असं सरळ लिहून टाकलं जातं. पण १०० किलोतले १० किलो वाटेत वाया गेले तर विकले ९० किलो, आले २,७०० रुपये. शेतकऱ्याचे १,५०० म्हणजे साडेपंचावन्न टक्के. मधल्या १,५०० मधले ३०० कोणाच्याच खिशात गेले नाहीत, कचऱ्यात गेले. शिवाय आज मंडईत विकला जाणारा कांदा आजच्या लिलावातला नसतो. गाडी पोहोचायला जितके दिवस लागतात तितके दिवस मागचा भाव घ्या.

संख्याशास्त्राबद्दल थोडक्यात. दोन बाजारांचे भाव एकदम वरखाली होतात म्हणून ते जोडलेले आहेत असं सिद्ध होत नाही. पाऊस दोन्हीकडे पडतो. जे तंत्र तोंडी परीक्षेत मराठीत समजावून सांगता येत नाही ते अहवालात घालू नका.

कंपनीत प्रकल्प करत असाल तर

प्रक्रिया उद्योग, दूध संघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी, सगळ्यांना मनातून कौतुकाचा अहवाल हवा असतो. पहिल्या आठवड्यातच लेखी ठरवा की कोणते आकडे अहवालात छापता येतील आणि कोणते फक्त मार्गदर्शकाने बघायचे. उत्पादक कंपन्यांचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल होतो. तो आधी वाचून जा. शेअर भांडवल किती, खेळतं भांडवल कुठून येतं, सभासदांकडून घेतलेला माल एकूण खरेदीच्या किती. सभासद माल बाहेर का विकतात याचं निम्मं उत्तर तिथे सापडतं. कंपनीकडे रोख नसेल तर ती पैसे पंधरा दिवसांनी देणार, आणि दारात आलेला व्यापारी आज देतो.

लिहिताना

पहिलं पान सर्वांत शेवटी लिहा, आणि त्यावर प्रश्न, उत्तर आणि तो एक तक्ता एवढंच ठेवा. पिकाचा जागतिक इतिहास कापा. शिफारस करताना कोणी, काय, किती खर्चात, हे तिन्ही सांगता आलं तरच करा. मर्यादांच्या प्रकरणात ‘वेळ अपुरा होता’ लिहू नका, तो सगळ्यांनाच अपुरा असतो. ‘चाळ नसलेले फक्त सहा शेतकरी मिळाले, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष कच्चे आहेत’ असं लिहा.

छापायला देण्याआधी एक काम. निष्कर्षांचा एक पानी मराठी कागद करा आणि ज्यांनी पट्ट्या दाखवल्या त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने असा कागद पारावर वाचून दाखवला. वाहतूक खर्चाच्या ओळीवर एक आजोबा म्हणाले, ‘पोरी, भाडं एवढं पडत नाही. परत येताना तोच टेम्पो खत भरून आणतो, अर्धं भाडं खतावर.’ तीन महिने पट्ट्या गोळा केल्या होत्या, पण परतीची पावती कोणी मागितली नव्हती. तिने बांधणी थांबवली, अठ्ठावीस घरी पुन्हा फोन केले आणि तो तक्ता नव्याने केला.